लाडाच्या नावाची वाद्ये

कोजागिरीच्या रात्री आमच्या गच्चीवर घरगुती मैफल होते. यंदा सूत्रसंचालन आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांकडे होते आणि ते त्यांनी मोठ्या आस्थेने केले. तबल्यावर बसलेल्या गृहस्थांच्या गुरूंचे नाव त्यांनी कानाची पाळी धरून घेतले, पेटीवाल्यांचा उल्लेख आवर्जून ‘संवादिनीवादक’ असा केला, तानपुऱ्यावर बसलेल्या मुलींचीही नीट ओळख करून दिली. शेवटी माझ्या भाचीची पाळी आली. तिने मऊ कापडात गुंडाळलेली, ओंजळीत मावेल अशी तपकिरी मातीची वस्तू बाहेर काढली, तेव्हा ते क्षणभर थबकले आणि हसत म्हणाले, “आणि आता ही आमची लेक आपल्याला शिट्टी वाजवून दाखवणार आहे.” गच्चीवर हशा पिकला. तीही हसली आणि वाजवू लागली. त्यांच्या स्वरात कौतुकच होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या एका शब्दाने समोरच्यांचे बसणे बदलले, ते मी पाहत होते. तबला-पेटीच्या वेळी सावरून बसलेल्या माणसांनी मांडी सैल केली, कोणी शेजाऱ्याच्या कानाशी लागले, मसाला दुधाचे पेले नेमके तेव्हाच फिरू लागले. वाद्य कानावर पडण्याआधीच ते किती मन लावून ऐकायचे, हे ठरून गेले होते.

तो शब्द पुढे कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून जाईना.

भाचीचे ते वाद्य, म्हणजे मातीचा ओकारिना, मी दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात नीट हातात घेऊन पाहिला. भाजलेली माती, वरून पातळ झिलई, एक टोक निमुळते, दुसरे थोडे फुगीर, आणि कुशीतून चोचीसारखी बाहेर आलेली चपटी फुंकणी. वरच्या अंगाला आठ छिद्रे, खालच्या अंगाला दोन्ही अंगठ्यांसाठी एकेक. एकही छिद्र दुसऱ्याएवढे नाही. करंगळीखालचे तर इतके लहान, की तिथे बोटाचे टोक ठेवले तरी ते जाणवावे लागते. फुंकणीच्या जवळ तिरकस कापलेली एक खाच आहे आणि तिच्या कडेला नख लावले की धार लागते. हवा त्या धारेवर येऊन दुभंगते आणि तिथेच आवाज जन्मतो. रात्रीच्या श्वासाचा ओलावा फुंकणीत अजून शिल्लक होता आणि नाकाजवळ नेल्यावर नव्या माठाचा वास येत होता. दहाही छिद्रे झाकून मी अगदी हलकेच फुंकले, तेव्हा जो खालचा स्वर आला त्याला कुठे काठच नव्हता.

या स्वराला असे बिनकाठाचे का वाटावे, याला कारण आहे. बासरी ही नळी आहे; तिच्यात छिद्र फुंकणीपासून किती अंतरावर आहे, यावर स्वर ठरतो. ओकारिना ही पोकळी आहे. तिच्यातली सगळी हवा एकजीव होऊन कंप पावते, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर पावते तशी. त्यामुळे छिद्र अंगावर कुठे आहे याला फारसे महत्त्व उरत नाही. एकूण उघडी जागा किती, एवढेच मोजले जाते. मोठे छिद्र उघडले की स्वर जास्त चढतो, लहान उघडले की थोडा. अशा पोकळीत मूळ स्वराच्या सोबतीला इतर वाद्यांत असतात तसे उपस्वर जवळजवळ नसतात. म्हणून तो गोल, निखळ आणि एकटा ऐकू येतो. याच कारणाने बासरीप्रमाणे फुंकर वाढवून वरच्या सप्तकात उडी मारता येत नाही. जोराने फुंकले तर स्वर नुसता चढतो आणि बेसूर होतो. दहा छिद्रांच्या वाद्याला एक सप्तक आणि वर तीन स्वर, एवढेच अंगण मिळते.

या वाद्याचे आजचे रूप ज्या गावात घडले, ते बुद्रियो हे उत्तर इटलीतले, बोलोन्याजवळचे, सपाट शेतीच्या मुलखातले छोटे गाव आहे. त्या भागात मातीच्या, पक्ष्याच्या आकाराच्या शिट्ट्या मुलांना खेळायला मिळत, आपल्याकडे जत्रेत मिळत तशाच. 1853 साली जुझेप्पे दोनाती या सतरा वर्षांच्या मुलाने त्या खेळण्यातून पूर्ण सप्तक वाजेल असे वाद्य घडवले. मग त्याने ते लहानमोठ्या आकारांत केले, म्हणजे तारस्वरापासून खर्जापर्यंत एक अख्खे कुटुंब उभे राहिले, आणि गावातल्या वादकांचे पथक ऑपेरातल्या रचना त्यावर वाजवू लागले. हे काम जितके सांगायला सोपे तितके करायला नाही. माती वाळताना आणि भट्टीत भाजताना आकसते, पोकळी लहान होते आणि स्वर सरकतो. कारागिराला ओल्या मातीत छिद्र कोरताना आज ऐकू येणारा स्वर जुळवून चालत नाही. भट्टीतून बाहेर आल्यावर जो ऐकू येईल, त्याचा अंदाज हाताला असावा लागतो. भाजून झाल्यावर छिद्र कानशीने थोडे वाढवून स्वर चढवता येतो, पण जास्तीचा कोरला गेलेला स्वर खाली आणणे फार कठीण. या मुलाने असे काटेकोर वाद्य केले, आणि त्याचे नाव मात्र खेळण्याचेच राहू दिले. तिकडे ‘ओका’ म्हणजे अंगणात कलकलाट करणारा पाळीव हंस, आणि ओकारिना म्हणजे त्याचे चिमुकले पिल्लू. सरस्वतीच्या पायाशी बसणारा राजहंस डोळ्यांसमोर आणू नये. चिखलात पाय भरवून, मान पुढे काढून अंगावर धावून येणारा पक्षी आणावा. वाद्य आडवे धरून पाहिले की मान नसलेले त्याचे अंग दिसतेच.

मला या नावात सर्वांत जास्त काय आवडते, तर ते नाव देणारे आणि वाद्य वाजवणारे एकच होते. बाहेरच्या कोणी ते वरून चिकटवले नव्हते. गावाच्या बोलीतला हा लाडाचा शब्द तसाच पॅरिसला गेला, लंडनला गेला, तिथल्या दुकानांच्या पाट्यांवर चढला. बुद्रियोच्या वादकांनी 1870 च्या दशकात युरोपभर कार्यक्रम केले, तेव्हा पथकाचे नाव मात्र त्यांनी आपेनाइन पर्वतातल्या डोंगरकऱ्यांचे घेतले. स्वतः सपाट मैदानातले असूनही त्यांना स्वतःला भारदस्त करावेसे वाटले, पण हातातल्या वाद्याचे नाव बदलावेसे वाटले नाही. आज त्या गावात ओकारिनाचे संग्रहालय आहे, महोत्सव भरतो, आणि सात जणांचे पथक सात आकारांचे ओकारिना घेऊन वाजवते. सर्वांत लहान तळहातात लपतो, सर्वांत मोठा दोन्ही हातांनी पोटाशी धरावा लागतो. नाव अजून पिल्लाचेच आहे.

अटलांटिक ओलांडल्यावर हंसाचे रताळे झाले. अमेरिकेत लोक ओकारिनाला सरळ ‘रताळे’ म्हणू लागले, आणि आकार पाहिला तर त्यात चूक काही नाही. दुसऱ्या महायुद्धात प्लास्टिकचे ओकारिना तिथल्या सैनिकांच्या हातात पडले. स्वस्त, न फुटणारे, खिशात मावणारे आणि अर्ध्या दिवसात एखादी ओळखीची चाल काढून देणारे वाद्य, दुसरे कोणते असणार? खंदकात किंवा बराकीत बसलेल्या विशीतल्या मुलाने हातातल्या गोष्टीला घरच्या जेवणातले नाव द्यावे, हे मला फार समजते. त्या नावात चेष्टा कमी आणि घराची आठवण जास्त असावी, असे मी मानते.

एकदा या वाटेला लागले की अशी नावे जगभर भेटू लागतात. हवाईतल्या छोट्या चार तारांच्या वाद्याचे, उकुलेलेचे, नाव घ्या. 1879 साली मदेरा बेटावरून पोर्तुगीज मजूर ऊसमळ्यांत कामाला होनोलुलूला उतरले, त्यांच्यासोबत त्यांचे छोटे गिटार होते. त्यांची बोटे तारांवरून ज्या वेगाने नाचत, ते पाहून तिथल्या लोकांनी त्याला ‘उड्या मारणारी पिसू’ म्हटले, असे सांगतात. मूळ नाव मागे पडले, पिसू जगभर गेली. जर्मन लोक अकॉर्डियनला ‘खलाशाचा पियानो’ म्हणतात, जाझवाले क्लॅरिनेटला ज्येष्ठमधाची कांडी म्हणत, कारण ती काळी, लांब आणि तोंडात धरायची. ‘बसून’ (bassoon) नावाच्या मोठ्या लाकडी फुंकवाद्याला इटालियनांनी चक्क ‘मोळी’ हे नाव दिले, आणि आज सिंफनीच्या स्वरलिपीत तेच गंभीरपणे छापले जाते. जुन्या काळचे नृत्यशिक्षक कोटाच्या खिशातून इवलेसे व्हायोलिन काढून तालीम घेत. फ्रेंचांनी त्याला खिशाचेच नाव दिले. या सगळ्यांत एक गोष्ट समान दिसते. ही नावे वाद्याच्या आवाजावरून क्वचितच पडली आहेत. ती पडली आहेत वाद्य कसे दिसते, कुठे ठेवतात, कुठे धरतात, बोटे कशी हलतात यांवरून, म्हणजे शेजारी बसून पाहणाऱ्याला जे दिसते त्यावरून. सभागृहाच्या शेवटच्या रांगेतून अशी नावे सुचत नाहीत.

आपल्याकडे तर याचे मोठे उदाहरण गच्चीवर माझ्यासमोरच होते. हार्मोनियम पॅरिसमध्ये घडला, 1840 च्या सुमारास दबेन यांनी त्याचे पेटंट घेतले. कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी 1875 मध्ये मांडी घालून, एका हाताने भाता मारत वाजवता येईल असे त्याचे रूप केले. आणि महाराष्ट्राने त्याला ‘पेटी’ म्हटले. संगीत नाटकात पायांनी भाता चालवायचे ते पायपेटी. विलायती सामान भरलेल्या या खोक्याला आपण कपडे आणि दागिने ठेवण्याच्या वस्तूचे नाव दिले, आणि ते इतके अंगवळणी पडले की ‘पेटी मास्तर’ हा शब्द उच्चारताना त्यात आदर आहे की सलगी, हे सांगता येऊ नये. पुढे या पेटीवर बराच रोष झाला. तिच्या ठरलेल्या पट्ट्यांतून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे, निघत नाही, श्रुती, म्हणजे स्वरांमधली सूक्ष्म अंतरे, सांभाळल्या जात नाहीत, असे आक्षेप आले आणि 1940 पासून तीसएक वर्षे आकाशवाणीवर तिला बंदी होती. त्याच काळजीतून असेल, तिला प्रतिष्ठेचे नाव हवेसे वाटले आणि ‘संवादिनी’ हा सुंदर शब्द रुळला. मला तो शब्द आवडतो. ज्यांनी या वाद्याला एकल वादनाच्या योग्यतेला नेले, त्यांच्या साधनेला तो शोभतोही. तरीही कार्यक्रम संपल्यावर तेच वादक “माझी पेटी जरा धरतोस का?” असे म्हणतात, तेव्हा त्या ‘पेटी’ शब्दात जे वर्षानुवर्षांचे सहवासाचे ऊबदार वजन असते, ते मला संवादिनीत सापडत नाही.

इथे माझे मन दोन बाजूंनी ओढले जाते, ते मी लपवत नाही. एकीकडे मला लाडाची नावे हवी आहेत. त्यांच्यामुळे वाद्याला हात लावण्याची भीती जाते. वीणा म्हटले की माणूस आधी नमस्कार करतो. तुणतुणे म्हटले की पोर आधी तार छेडून पाहते. आणि ते पोरच उद्या वादक होते. दुसरीकडे, शिट्टी म्हटल्यावर गच्चीवरची माणसे कशी सैलावली, तेही मी विसरू शकत नाही. पुष्कळ विचार करून मला वाटते, की फरक नाव लहान असण्यात नाही. पेटी हेही घरगुती, लहान नाव आहे, पण पेटी मास्तरांना कोणी कमी लेखत नाही. फरक आहे तो वाजवणाऱ्याच्या तोंडून आलेल्या नावात आणि वाद्य अजून न ऐकलेल्याच्या तोंडून आलेल्या नावात. पहिले सहवासातून येते. दुसरे ओळख होण्याआधीच येते आणि ओळखीची जागा अडवून बसते.

गोव्याचे घुमट मला या संदर्भात फार मोलाचे वाटते. तेही मातीचे, दोन तोंडांचे मडके. मोठ्या तोंडावर कातडे, लहान तोंड उघडे. वादक ते गळ्यात किंवा काखेत धरतो आणि उघड्या तोंडावर तळहात कमीजास्त करून आवाजाला घुमारा देतो. चवथीच्या आरतीत ते वाजते आणि ख्रिस्ती घरांतल्या ‘मांडो’ या गीतप्रकारालाही त्याचीच साथ असते. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे असे. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ते बंद झाले आणि बकरीचे आले. 2019 मध्ये गोवा सरकारने त्याला राज्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित केले. त्या घोषणेत त्याला नवे, भरजरी नाव द्यावेसे कोणाला वाटले नाही. घरात, देवळात, चर्चच्या अंगणात जे नाव होते, तेच सरकारी कागदावर चढले. मडक्याला मडक्याच्या जागी ठेवूनही मान देता येतो, हे तिथे दिसते.

ओकारिनाला असा मान मोठ्या सभागृहातही मिळालेला आहे, आणि तो ज्या रीतीने मिळाला ती मला विलक्षण वाटते. युरोपीय संगीतकार ग्यॉर्गी लिगेती यांच्या 1990 च्या दशकारंभीच्या व्हायोलिन कन्चेर्टोत, म्हणजे एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंदाच्या रचनेत, दुसऱ्या भागात एका जागी वाद्यवृंदातले सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायच्या, वाद्यांचे वादक आपापली वाद्ये खाली ठेवतात आणि ओकारिना उचलतात. आयुष्यभर क्लॅरिनेटसारखे धातूच्या कळांनी सजलेले, काटेकोर वाद्य साधलेली ही माणसे हातातल्या मातीच्या पिल्लांतून एक प्रार्थनेसारखी चाल वाजवू लागतात. ओकारिनाचे सूर एकमेकांशी केसभर जुळत नाहीत, फुंकर थोडी हलली की डगमगतात. संगीतकाराला तीच डगमग हवी होती. ते ऐकताना मी पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकून बसले, कारण तो आवाज या जगातल्या कोणत्याही परिचित वाद्याचा वाटत नव्हता, आणि तरी तो लहानपणी कुठेतरी ऐकल्यासारखा वाटत होता.

आमच्या भाचीला मात्र लिगेती कोण, हे ठाऊक नाही. तिच्या पिढीतल्या जगभरच्या अनेक मुलांप्रमाणे तीही या वाद्याकडे निन्टेंडोच्या खेळातून आली. 1998 सालच्या झेल्डाच्या खेळात नायकाच्या हाती ओकारिना आहे, त्यावर सूर वाजवले की दारे उघडतात, पाऊस पडतो, काळ मागेपुढे होतो. थोरल्या चुलतभावाकडे तो खेळ पाहत ती मोठी झाली. नंतर जपानच्या सोजिरो यांचे वादन तिच्या ऐकण्यात आले आणि खेळ मागे पडला. गेल्या वर्षभरात ती गळ्याने शिकत असलेला भूप राग ओकारिनावर काढून पाहते आहे आणि त्यात तिच्या हाती काही गोष्टी लागल्या आहेत. पोकळीतला स्वर उघड्या जागेवर ठरत असल्यामुळे बोट छिद्रावरून एकदम न उचलता कडेकडेने सरकवले, की एका स्वरातून दुसऱ्यात तुकडा न पडता जाता येते. पेटीवर जी मींड निघत नाही म्हणून एवढा वाद झाला, ती या मातीच्या वाद्यातून सहज निघते. गंधारावरून रिषभावर येताना ती अनामिका इतकी हळू झाकते, की स्वर कुठे बदलला ते सांगता येत नाही. फुंकर किंचित कमीजास्त केली की आंदोलन मिळते.

अडचण जागेची आहे. सर्वांत खालच्या स्वराला षड्ज मानले, तर मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, पाऊल टाकायलाही वाव राहत नाही. म्हणून तिने षड्ज वर नेला, पांढरी चारवर, म्हणजे पेटीच्या चौथ्या पांढऱ्या पट्टीच्या स्वरावर. आता खाली मंद्र पंचमापर्यंत जाता येते आणि वर तार षड्जाला वाद्य संपते. भूपाला एवढे पुरते, थोडे काटकसरीने फिरावे लागते इतकेच. दुसरी अडचण अशी, की खालचे स्वर अगदी हळुवार फुंकरीनेच लागतात आणि वरच्यांना जोर लागतो, त्यामुळे तार षड्ज मृदू लावणे जवळजवळ अशक्य आहे. तो येतो तो खणखणीतच येतो. ती त्याच्यावर विश्रांती घेत नाही, स्पर्श करून धैवतावर उतरते. शिवाय हवा तापली की स्वर चढतो. उन्हाळ्याच्या दुपारी पेटीच्या पट्ट्या जिथल्या तिथे राहतात आणि ओकारिना त्यांना सोडून वर निघतो, मग दोघांची संगत बसत नाही. जुन्या युरोपीय कारागिरांनी यासाठी काही ओकारिनांच्या टोकाला धातूचा दट्ट्या बसवला होता. तो आत-बाहेर केला की पोकळी लहानमोठी होऊन सूर जुळवता येतो. तसा एखादा जुना ओकारिना कुठे मिळतो का, याचा शोध सध्या आमच्या घरात चालू आहे. तोवर ती दुपारचा रियाज टाळते आणि पहाटे, हवा थंड असताना, तानपुरा लावून बसते.